‘आधी जरा गळा बघा की ओ ह्याचा’

शाळा सुरू होऊन पंधरवडा उलटला आणि वह्या-पुस्तकांच्या खर्चाचा भार ओसरला, की सोलापुरातील संगीतवर्गांच्या पायऱ्या चढणाऱ्या पालकांचा एक हंगाम सुरू होतो. आणि अशाच एका वर्गाची चिटणिशी अंगावर असल्यामुळे प्रवेशाची वही उघडून बसण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्या प्रस्तुत लेखकास मुलाचे नाव, इयत्ता आणि पत्ता लिहून होण्याच्या आत एक वाक्य हटकून ऐकावे लागते : ‘सर, आधी जरा गळा बघा की ओ ह्याचा. गळा नसंल तर उगं कशाला पैसे घालवायचे?’ बोलणारा कधी नव्या पेठेतील दुकानदार असतो, कधी यंत्रमागावरचा कामगार, कधी कुठल्या कचेरीतला अव्वल कारकून. घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, कुणाची तेलुगू. परंतु नळाला पाणी किती दिवसांआड येते या गाऱ्हाण्याखेरीज इतके मतैक्य या शहरात दुसऱ्या कोणत्याही विषयावर दिसत नाही.

समजूत अशी, की गाणारा गळा ही परमेश्वराने मोजक्या घरांत ठेवलेली ठेव असून ती ज्याच्या वाट्याला आली नाही त्याने संगीताच्या वाटेला जाणे व्यर्थ होय. आणि शिक्षकाचे पहिले कर्तव्य म्हणजे मुलाला समोर उभे करून, एखादे सिनेमातले गीत म्हणावयास लावून, पाच मिनिटांत या ठेवीचा दाखला देणे किंवा अर्ज नामंजूर करणे. ज्याने अद्याप काहीही शिकलेले नाही त्याची शिकण्याची पात्रता त्याला जे येत नाही त्यावरून ठरविणे हे, पोहता येते का ते पाहू आणि मगच विहिरीत उतरवू, असे म्हणण्यासारखे आहे. तरीही दरवर्षी काही मुले या परीक्षेत नापास होऊन घरी जातात, आणि पुढे आयुष्यभर ‘आपल्याला बाबा गळाच नाही’ असे हसत सांगत राहतात.

वस्तुस्थिती काय आहे? ज्याला बोलता येते त्याच्याकडे स्वरयंत्र आहे, आणि बोलताना तो त्या स्वरयंत्राला चढउतार करावयास लावतोच. प्रश्न विचारताना, लटका राग दाखविताना, ‘बघा की ओ’ म्हणताना त्या शेवटच्या ‘ओ’ला जी हेलकाव्याची सोलापुरी लकब मिळते, ती ज्याच्या स्वरतंतूंना नेमकी साधते, त्याच्या स्वरतंतूंना षड्जावरून ऋषभावर जाण्यास कोणताही शारीरिक प्रत्यवाय नसतो. जे बहुधा कच्चे असते ते कान आणि गळा यांचे परस्परांशी असलेले दळणवळण : ऐकलेला स्वर ओळखणे, आपला स्वर त्याहून वर गेला की खाली उतरला हे लक्षात येणे आणि तो दुरुस्त करणे. हे दळणवळण अभ्यासाने पक्के होते, आणि तंबोऱ्यासमोर बसून षड्ज लावण्याचा शिरस्ता आपल्या पूर्वसूरींनी पाडला तो याचसाठी.

ज्यांना स्वरांतील भेद खरोखरच जन्मतः कळत नाही अशी माणसे आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. या विषयावर दीर्घकाळ संशोधन करणाऱ्या कॅनडातील इझाबेल पेरेट्झ यांनी सहकाऱ्यासह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत अशा माणसांचे प्रमाण सुमारे दीड टक्का निघाले. शंभरात दीड! आपल्याकडे गळा नसल्याचा दाखला मात्र निम्म्या शहराला मिळालेला आहे. आनुवंशिकतेचा मुद्दा काढणारे सुशिक्षित पालकही भेटतात. त्यांच्या माहितीसाठी, ‘सायन्स’ नियतकालिकात २००१ साली जुळ्या भावंडांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आणि चुकीची चाल ओळखण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे त्यात आढळले होते. परंतु ती परीक्षा कानाची होती, गळ्याची नव्हे, आणि अमक्याला शिकविता येणार नाही असे तिच्यातून निष्पन्न होत नाही. उपजत फरक असतात; पाच मिनिटांत ते ओळखल्याचा आव आणणे हा मात्र शुद्ध भोंदूपणा होय.

याच कॅनडातील दुसरा एक प्रयोग तर आपल्या गायनशिक्षकांनी वर्गात लिहून लावावा असा आहे. संगीताचे शिक्षण न घेतलेल्या सामान्य माणसांना एक सर्वपरिचित गीत गावयास लावून त्यांच्या स्वरांचे यंत्राने मापन करण्यात आले. त्यांतील बहुतेकांचे गाणे सुरात निघालेच. शिवाय नवशिके व्यावसायिकांपेक्षा घाईने गातात आणि त्यांना संथ गतीत गावयास लावले की त्यांच्या चुका लक्षणीय कमी होतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. आपले बुवा मुलाला ‘सावकाश, सावकाश’ असे का सांगत, याचे यंत्रसिद्ध उत्तर ते हे.

आता वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. बाळीवेशीकडून आलेली एक बाई, सोबत आठवीतला मुलगा. ‘दोन वर्षांमागं केवढं गोड म्हणायचा ओ, आता पार फाटलाय आवाज.’ वर्गात मुलींची संख्या अधिक असल्यामुळे पेटी काळी चारवर लागलेली. गुरुजींनी सवयीने तोच षड्ज दिला. मुलाने तो धरण्याचा प्रयत्न केला, आवाज वर चिरकला, खाली घरंगळला, मागच्या सतरंजीवरील दोन मुली तोंडाला पदर नसल्याने ओढणी लावून हसल्या, आणि आईने माझ्याकडे ‘म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेने पाहिले. गुरुजींनी भाता बंद केला, पट्टी उतरवून काळी एक धरली, आणि ‘मोठ्याने नको, गुणगुण’ एवढेच सांगितले. दुसऱ्या की तिसऱ्या श्वासाला त्या मुलाचा षड्ज पेटीच्या षड्जात मिळून गेला, इतका की भाता थांबल्यावरही तो तिथेच उभा राहिला. मुलगा बेसूर नव्हता. पट्टी त्याची नव्हती.

बारा ते पंधरा या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मुलींचाही उतरतो, परंतु थोडासाच. या संक्रमणकाळात आवाज चिरकणे ही दाढीमिशी फुटण्याइतकीच स्वाभाविक गोष्ट असून, त्या मुदतीत लहान आवाक्यात, हलक्या आवाजात गात राहणे हा त्यावरचा उपाय आहे. पालक नेमके याच वेळी नाव काढून घेतात. कन्नड-तेलुगू घरांतून आलेल्यांची धास्ती तर निराळीच : भाषा आपली नाही, तेव्हा बंदिशी जमणार कशा? सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व हे सारे कन्नड मुलखातले, एवढे सांगून मी पुढचे नाव लिहावयास घेतो.

गोड गळ्याच्या भक्तांनी इतिहासाची थोडी खातरजमा करावी. विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण सामान्य माणसाच्या दारात आणले, ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेले, त्याचे कारण कुणी त्यांच्या कंठाची परीक्षा करून दाखला दिला हे नव्हे. फटाक्याच्या अपघाताने डोळे अधू झाले, शाळेचे शिक्षण अशक्य झाले, म्हणून गाण्याची तजवीज करण्यात आली. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने बसला आणि पूर्वीसारखा परत आला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडविली, आणि कोल्हापूर दरबारच्या आश्रयाने फुललेले ते जयपूर-अत्रौली घराणे पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्यांनी गाजविले. घशाच्या दुखण्यानंतर गंगूबाईंचा आवाज पुरुषी वाटावा इतका भरदार झाला. आजच्या एखाद्या दूरचित्रवाणी-स्पर्धेच्या पहिल्या फेरीत या आवाजाचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? आषाढात आपल्याच जिल्ह्यातून, माळशिरस-वाखरीच्या वाटेने पंढरपुराकडे जाणाऱ्या दिंड्यांतून एखादा मुक्काम चालून पाहावा. पंचपदी म्हणणाऱ्या त्या शेतकऱ्यांपैकी कुणाचाही गळा कुणी तपासलेला नसतो. पण गावच्या देवळात एकादशीमागून एकादशी टाळ घेऊन बसल्याने त्यांचा स्वर वीणेकऱ्याच्या स्वराला असा चिकटलेला असतो, की शंभर माणसांत बेसुरा शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्याला दिंडीबाहेर काढण्याचा रिवाज नाही.

‘गळा नाही ना, मग तबल्याला घालू’ हा या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. तबला षड्जाला मिळविताना हातोडीचा प्रत्येक ठोका कानाच्या हुकमावरच पडत असतो. फुंकीच्या वाद्यांत तर स्वर बराचसा ओठांनी आणि श्वासाने सावरावा लागतो. सनईहूनही लहान अशी सुंदरी ज्या जाधव घराण्याने याच शहरात जोपासली, त्यातील भीमण्णा जाधवांचे वादन एकदा जवळून ऐकावे, म्हणजे कानाची सुटका कोणत्याही वाद्यात नाही हे उमगेल.

तेव्हा गुरू निवडताना मुलाची परीक्षा घेण्याऐवजी गुरूची घ्यावी. वर्ग चालू असताना एक दिवस मागच्या सतरंजीवर बसण्याची परवानगी मागावी. ती नाकारणाऱ्या ठिकाणी पुढची चौकशी करू नये. शिक्षक प्रत्येकाची पट्टी स्वतंत्रपणे ठरवितात, की साऱ्यांना एकाच काळ्या पट्टीवर हाकतात? विद्यार्थ्याला एकट्याने गाऊ देतात, की त्याच्या आवाजावर सतत आपला आवाज आणि पेटी चढवून चूक झाकतात? चूक झाल्यावर ती वर होती की खाली हे सांगतात, की नुसतेच ‘पुन्हा’ म्हणतात? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्यांच्याकडे चार-पाच वर्षे काढलेले विद्यार्थी कसे गातात? शिक्षकांचे स्वतःचे गाणे हुतात्मा स्मृती मंदिरात कितीही रंगत असो, पालकाने ऐकावे ते शिष्यांचे. उत्तम गवई तो उत्तम शिक्षक, हा हिशेब नेहमी जुळत नाही. पहिल्या दिवशी ‘गळा नाही’ असे सांगणाऱ्या शिक्षकाला नमस्कार करून उठावे, आणि पहिल्याच दिवशी ‘देवाने काय गळा दिलाय!’ म्हणून तीन वर्षांचे शुल्क आगाऊ मागणाऱ्यालाही.

चांगला गुरू पुण्या-मुंबईशिवाय मिळत नाही, असेही समजले जाते. भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात गदगच्या घरातून पळाले आणि ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत भटकले; तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितले, की तुमच्या घराजवळच सवाई गंधर्व असताना इतक्या दूर काय करता? कुंदगोळ हे गाव धारवाड मुलखातलेच. या माहितीनंतर काही पालक आपल्याच पेठेत चौकशी करू लागतात, काही लगेच पुण्याच्या गाडीचे वेळापत्रक विचारतात.

उरलेल्या समजुतींना फार जागा देण्याचे कारण नाही. एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाणे हा द्रोह नव्हे. मल्लिकार्जुन मन्सूर नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकून मग मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूरची शिकले. वय उलटल्याची तक्रार करणाऱ्या चाळिशीतल्यांना एवढेच, की लहान वयाची अट ज्या गुणाला लागते असे मानतात, तो पेटी न ऐकता स्वराचे नाव सांगण्याचा. आपल्या संगीतात षड्ज ज्याचा त्याने धरावयाचा असतो, तेव्हा त्या गुणावाचून काही अडत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा अभ्यासाला शिस्त लावतात, त्या द्याव्यात. विशारदाची पदवी म्हणजे मैफलीचा परवाना मात्र नव्हे. दही आणि लोणचे स्वरतंतूंवरून जात नाहीत, अन्ननलिकेतून जातात. मुलाची शेंगाचटणी बंद करण्यापेक्षा मैदानावरची त्याची आरडाओरड थोडी कमी करावी आणि उन्हाळ्यात त्याला पाणी भरपूर पाजावे. पहाटे चारचा रियाज ज्याची झोप रात्री नऊला सुरू होते त्याने करावा.

राहिली पेटी. ती घेतल्याशिवाय शिकता येत नाही असे दुकानदार सांगतील, आणि ते त्यांचे कामच आहे. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या उंचीवर कायमच्या बसविलेल्या असतात, त्यामुळे रागातील सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दारातच थांबविले होते, त्यामागे हाही एक आक्षेप होता. ती बंदी आज कुणालाच योग्य वाटत नाही, पण नवशिक्याने रोज घरी ज्याच्यासमोर बसावयाचे तो तंबोरा होय, आणि तो आता भ्रमणध्वनीवर फुकट वाजतो. पुढे मुलगा टिकला आणि घरची ऐपत असली, तर मिरजेस जाऊन कारागिराकडे भोपळा निवडून खरा तंबोरा करून घ्यावा. तोवर भ्रमणध्वनीवर मुलाचीच पट्टी लावून ठेवावी, आणि ती कोणती हे पहिल्या महिन्यात गुरुजींना विचारून घ्यावे.