भिंतीनं दिलेला शब्द

इथं साठीच्या पुढचे जे बसलेत, त्यांना गावातली एक भिंत नक्की आठवत असेल. मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा आणि एक हजार रुपये मिळवा.’

आता हे वाक्य नीट बघा. ‘सहकार्य करा’, ‘जागरूक राहा’ असलं त्यात काही नाही. काम एकच सांगितलंय: कळवा. कारण देवी म्हणजे कोप, असं मानून लोक रोगी घरातच ठेवायचे. रोगी कळला, की पथक येऊन आसपासच्या सगळ्यांना लस टोचणार आणि रोगाची साखळी तुटणार. लोक कांजिण्यांचे रोगीही कळवायचे. तेही जाऊन तपासले जात.

गंमत अशी, की रोगी कमी होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढत गेली. भारतातला शेवटचा रोगी मे 1975 मध्ये सापडला. हजार रुपये जाहीर झाले ते त्यानंतर! एखादा लपून राहिला असेल तर तो सापडावा म्हणून. म्हणजे आपण ती भिंत वाचत होतो, तेव्हा देवी गेलेलीच होती. 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

त्याच काळात भिंतींवर लाल त्रिकोणही होता. ‘हम दो, हमारे दो.’ वाक्य सोपं, चित्र त्याहून सोपं. पण 1976 साली, आणीबाणीत, आपल्या शेजारच्या बार्शीत माणसं धरून नेऊन नसबंदी केली गेली. भिंत विनंती करत होती आणि सरकारी यंत्रणा जबरदस्ती. 1976-77 मध्ये देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या; पुढच्याच वर्षी आकडा दहा लाखांच्याही खाली आला. त्रिकोण तोच होता, विश्वास उडाला होता.

म्हणून आज ‘येथे थुंकू नये’ या पाटीवरच पिचकारी दिसली, की नुसतं लोकांना नावं ठेवू नका. जवळपास पिकदाणी आहे का? दंड कधी कुणाला झालाय का? पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. तिनं दिलेला शब्द मात्र रोज पाळावा लागतो. तुमच्या ग्रामपंचायतीत पुढची घोषणा रंगवायच्या आधी एवढं विचारा: लोकांनी हे ऐकलं, तर आपण तयार आहोत का?