शंभर वर्षं काठावर!

मंडळी, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषयही जरा वेगळाच आहे : मुलींचा वॉटर पोलो. "हिंगोलीची पोरगी आणि वॉटर पोलो? आधी नळाला पाणी येतं का ते सांग!" ही कॉमेंट आमच्या रूममध्येच येऊन गेली आहे, तेव्हा तुम्ही काहीतरी नवीन सुचवा.

सुरुवात विहिरीपासून करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हिंगोलीहून गावी, कळमनुरीकडे जायचो. दुपार झाली की सगळे चुलतभाऊ हिरीवर. आमच्याकडे पोहायला 'पवायला' म्हणतात. लहान पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काकांनी द्यायचं ढकलून. चार दिवस आरडाओरडा, पाचव्या दिवशी तेच पोरगं आपलं आपण मुटका मारतंय. हा आमचा स्विमिंग कोर्स, फी शून्य! मी आणि शेजारची एक मैत्रीण मात्र काठावर. आमचं काम, पोरांचे कपडे सांभाळायचे. एकदा मी हट्टाने भोपळा मागितला, तर आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं हिरीत उतरायचं नसतं, बाई." रागावून नाही, अगदी मायेनं म्हणाले. म्हणून तर वाद घालता आला नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये, सबमिशनच्या रात्री जागं राहायला म्हणून मोबाईलवर पॅरिस ऑलिम्पिक लावलं होतं. महिलांच्या वॉटर पोलोची फायनल, स्पेन विरुद्ध ऑस्ट्रेलिया. स्पेन ११-९ ने जिंकलं. मी जर्नल बाजूला ठेवून बघतच राहिले. या मुली पाण्यात चक्क उभ्या होत्या! कमरेपर्यंत वर येऊन बॉल फेकत होत्या. मला वाटलं, तळाला पाय टेकत असणार. पण नियम नेमका उलटा आहे. खेळाडूने तळाला पाय टेकवून खेळायचंच नाही.

आता थोडा खेळ समजून घेऊ. एका बाजूला सात जणी, त्यात एक गोलकीपर. महिलांचं मैदान २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद. गोल ३ मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच. आठ-आठ मिनिटांचे चार भाग, आणि बॉल खेळात नसेल तेव्हा घड्याळ थांबतं, म्हणजे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. गोलकीपर सोडून कुणीही बॉलला दोन्ही हात एकदम लावायचे नाहीत. महिलांचा बॉल पुरुषांच्या बॉलपेक्षा किंचित लहान, ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा असतो. घोड्यावरच्या पोलोशी संबंध म्हणाल तर फक्त नावापुरता. 'पुलू' हा बाल्टी भाषेतला, म्हणजे आपल्या काश्मीरच्या पलीकडच्या डोंगरातला शब्द, अर्थ चेंडू.

आणि ते उभं राहणं? त्याला 'एगबीटर किक' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पायांची रवी करायची. दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून आळीपाळीने गोल फिरवायचे, डावा एका दिशेने, उजवा विरुद्ध दिशेने. विहिरीत पोरं बेडकासारखे दोन्ही पाय एकदम मारतात, तेव्हा शरीर वर जातं आणि लगेच खाली येतं. रवीत मात्र एक पाय जोर संपवत असतो तेव्हा दुसरा जोर सुरू करतो, त्यामुळे वरचा दाब तुटत नाही. फर्स्ट इयरचा आर्किमिडीज आठवा : शरीराचा जो भाग पाण्याबाहेर आला, त्याचा आधार गेला, त्याचं वजन आता पायांनी उचलायचं. माझं वजन ५० किलो धरून मी ढोबळ हिशेब केला. डोकं, खांदे आणि एक हात बाहेर ठेवायचा तर साधारण आठ किलो होतात. म्हणजे आठ किलोची पिशवी घेऊन अर्धा तास पाण्यात उभं राहायचं, वर कुणीतरी आपल्याला ढकलत असणार, आणि तरी गोल मारायचा. "मुलींचा सॉफ्ट गेम" म्हणणाऱ्या मेकॅनिकलच्या बंधूंनी नोंद घ्यावी!

आता इतिहास. मला खरा धक्का इथे बसला.

ग्लासगोच्या विल्यम विल्सनने १८७० च्या दशकात या खेळाचे पहिले नियम लिहिले. १९०० साली, पॅरिसलाच, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, अर्थात फक्त पुरुषांचा. महिलांचा वॉटर पोलो ऑलिम्पिकमध्ये आला २००० साली, सिडनीत. शंभर वर्षं! मला वाटलं, तोपर्यंत बायका हा खेळ खेळतच नसतील. तेही चूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात, आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत महिला वॉटर पोलो खेळत होत्या. खेळाडू होत्या, तलाव होते, बॉल होता. नव्हती ती फक्त परवानगी. कारण ठरलेलं : खेळ धसमुसळा आहे, बायकांना झेपणार नाही.

गंमत बघा, नुसतं पोहणंसुद्धा असंच भांडून मिळालं. महिलांची पोहण्याची शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली १९१२ साली, स्टॉकहोमला. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये महिलांच्याच जलतरण संघटनेचा नियम होता की पुरुष बघत असतील तिथे मुलींनी शर्यतीत उतरायचं नाही. लोकांनी ओरड केली, वर्गणी जमवली, तेव्हा कुठे फॅनी डुरॅक आणि मिना वायली बोटीत बसल्या. १०० मीटरमध्ये फॅनी पहिली, मिना दुसरी! नियम करणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या हो. मला वाटतं, त्याही आमच्या आबांसारख्याच, मायेनंच अडवत असणार.

सांघिक खेळांना तर आणखी वेळ लागला. ऑलिम्पिकमध्ये महिलांचा व्हॉलीबॉल आला १९६४ ला, बास्केटबॉल आणि हँडबॉल १९७६ ला, हॉकी १९८० ला, फुटबॉल १९९६ ला. वॉटर पोलो त्याही मागे. पण वाट बघत या बायका नुसत्या बसल्या नाहीत. १९७९ मध्ये महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला, अमेरिकेने जिंकला. १९८६ मध्ये माद्रिदला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांना पहिल्यांदा पदकं मिळाली, सुवर्ण ऑस्ट्रेलियाचं. पुढे १९९१ ला नेदरलँड्स, १९९४ ला हंगेरी, १९९८ ला इटली. म्हणजे एकट्या देशाची मक्तेदारी आहे असं म्हणायचीही सोय उरली नाही. तरी ऑलिम्पिकचं दार बंद ते बंदच.

सिडनीला २००० चं यजमानपद मिळालं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. पत्रं, विनंत्या झाल्या. मग ऑलिम्पिकचे बडे पाहुणे सिडनी विमानतळावर उतरले, तेव्हा या मुली स्विमिंग कॉस्च्यूम आणि कानाची टोपी घालून स्वागताला हजर! फोटो छापून आले, चर्चा झाली. शेवटी १९९७ मध्ये मान्यता मिळाली, सहा संघांपुरती.

आणि फायनल कशी व्हावी? २३ सप्टेंबर २०००, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिका. शेवटच्या काही सेकंदांत अमेरिकेने ३-३ अशी बरोबरी केली. घड्याळात १.३ सेकंद उरले असताना ऑस्ट्रेलियाला फ्री थ्रो मिळाला, आणि यवेट हिगिन्सने लांबून बॉल थेट जाळ्यात मारला. ४-३! शंभर वर्षं थांबायचं आणि सव्वा सेकंदात जिंकायचं.

आता आपल्याकडे येऊ. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले, त्यात वॉटर पोलोचं सुवर्णपदक कोणी जिंकलं असेल? भारताने! १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्येही आपला पुरुष संघ होता. पुढे १९७० च्या आशियाई खेळांत रौप्य, १९८२ ला कांस्य. १९५२ ला हेलसिंकीत, ज्या तुकडीत हा पुरुष संघ होता, तिच्यातच दोन मुलीही होत्या : मुंबईची डॉली नाझीर आणि बंगालची आरती साहा. म्हणजे तेव्हाही आपल्या मुली ऑलिम्पिकच्या पाण्यात उतरत होत्या, पण एकेकट्या. सात जणींनी मिळून उतरायला पुढची ५८ वर्षं गेली. आशियाई खेळांत महिलांचा वॉटर पोलो पहिल्यांदा आला २०१० ला, ग्वांगझूला. चारच संघ होते. चीन, कझाकस्तान, उझबेकिस्तान यांना पदकं मिळाली आणि भारताच्या मुली चौथ्या, म्हणजे शेवटच्या. कुणी हसेल. मला नाही हसू आलं. हरायला तरी आधी पाण्यात असावं लागतं.

आज केरळ, बंगाल आणि आपल्या महाराष्ट्राच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेत हा खेळ खेळतात. पण त्या येतात कुठून? जिथे तलाव आहेत आणि मुलींच्या बॅच चालतात तिथून. आणि आमच्याकडे पाणी नाही असं थोडंच आहे! गावातून कयाधू वाहते, पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, पैनगंगेवर इसापूर आहे, गावोगावी विहिरी आहेत आणि आता शेततळी.

शेततळ्यावरच मला थांबायचं आहे. माझ्याबरोबर काठावर बसून कपडे सांभाळणारी ती मैत्रीण आता नाही. अकरावीच्या उन्हाळ्यात ती पाणी आणायला शेततळ्यावर गेली आणि घसरली. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, शेवाळलं की त्यावर ना हात टिकत ना पाय. तिला काढायला तिची धाकटी बहीण उतरली. दोघींनाही पवायला येत नव्हतं. त्यांचे भाऊ सगळे पट्टीचे पोहणारे, पण त्या वेळी ते बाजाराला गेले होते. अशी बातमी दर उन्हाळ्यात पेपरात असते, आपण पान उलटतो. त्या वर्षी मला उलटता आलं नाही.

म्हणून हा इतिहास मला नुसता स्पोर्ट्स क्विझचा वाटत नाही. विमानतळावर उभ्या राहिलेल्या मुली मेडलसाठी भांडत होत्या हे खरं, पण मुळात त्या म्हणत होत्या की पाणी आमचंही आहे. आमच्या काठावर त्याचा अर्थ फार साधा आहे : बुडायचं नाही. आणि ज्या एगबीटर किकने गोल मारता येतो, तीच किक मदत येईपर्यंत माणसाचं नाक पाण्यावर ठेवते.

गेल्या वर्षी मी आणि माझी रूममेट शहरातल्या एका तलावावर शिकायला गेलो. लेडीज बॅच दुपारी बारा ते एक, म्हणजे नेमकी प्रॅक्टिकलच्या वेळेला! तरी सुट्टीच्या दिवशी जाऊन जाऊन शिकलो. पहिले आठ दिवस मी कठडा सोडला नाही. आज मी चार मिनिटं उभी राहू शकते. ऑलिम्पिकला अजून थोडा वेळ आहे! सुट्टीत आबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "धाकटीला बी शिकव."

तर रेक्टर मॅडम आणि स्पोर्ट्सच्या सरांना विनंती आहे की सकाळी सहा ते सातची बॅच आणि एक लेडी कोच, एवढ्यासाठी कॉलेजने त्या तलावाला एक पत्र द्यावं. लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मी कागद लावला आहे. आत्तापर्यंत नऊ नावं आली आहेत. पोहता येत नाही म्हणून लाजू नका, नऊपैकी सात जणींना येत नाही. चौदा झाल्या की दोन संघ होतात.

पेन कागदाला दोऱ्याने बांधलेलं आहे. कृपया नेऊ नये!