प्रश्न संध्याकाळी सातचा आहे!

दुपारचे अडीच. नवी पेठेत चिटपाखरू नाही. गाडीच्या सीटला हात लावायची सोय नाही, इतकं ऊन. दुकानदार काउंटरमागे पेंगतायत. हीच नवी पेठ संध्याकाळी सातला बघा! गाडी लावायला जागा मिळत नाही. कपड्यांच्या दुकानांतले दिवे, एसी, झगमगते बोर्ड, सगळं एकदम सुरू.

‘देश शंभर टक्के हरित ऊर्जेवर चालेल का?’ याची खरी अडचण मला इथेच कळली. सोलापूरकरांना उन्हाची टंचाई कधीच नव्हती. पण पॅनेल वीज देतं भर दुपारी, आणि पेठेला ती हवी असते सूर्य मावळल्यावर.

म्हणून आकडेही नीट वाचायला हवेत. जून २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला सौर, पवन, जल आणि अणुऊर्जेचा वाटा निम्म्यावर पोहोचला. भारीच! पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. त्या विजेतली सुमारे ७० टक्के अजून कोळशाचीच आहे. आपल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्पही कोळशावरच चालतो, आणि त्याला पाणी लागतं ते उजनीचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहराला यातली मेख वेगळी सांगायला नको. पॅनेलला पाणी लागतं ते धुण्यापुरतंच.

मग संध्याकाळचं काय? पहिला उपाय साठवणुकीचा. त्यासाठी बॅटरी आहेच. शिवाय वीज जास्त असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची. अकोले तालुक्यातला घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प असाच चालतो. दुसरा उपाय म्हणजे वीज लांबून आणायची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. म्हणजे इथे अंधार पडल्यावर तमिळनाडूच्या पवनचक्क्या मदतीला येऊ शकतात. देश एका जाळ्यात आला, तो आपल्या सोलापुरात!

तिसरी अडचण मात्र तंत्राची नाही, गच्चीची आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण ते घरांसाठी. पेठेतल्या दुकानाला ते नाही. त्यात दुकानदार भाडेकरू असेल, तर गच्ची मालकाची. आमचंही तेच. आम्ही भाड्याने राहतो. घरमालक काकांना विचारलं, तर म्हणाले, “बिल तुम्ही भरता की ओ, मी कशाला पैसे घालू?” त्यांचंही चूक नाही. दुसऱ्याच्या छतावरच्या पॅनेलमध्ये वाटा घेऊन आपलं बिल कमी करायची सोय दिल्लीने २०१९ मध्येच नियमांत केली. भाडेकरूंना अशी वाट मिळाली नाही, तर ‘शंभर टक्के’मध्ये ते कुठे बसणार?

माझं उत्तर ‘हो, चालेल’ असंच आहे. पण त्यासाठी नुसती पॅनेलं मोजून भागणार नाही. साठवण हवी, वाहिन्या हव्यात आणि बिल भरणाऱ्याला त्यात वाटा हवा.

मी काकांकडे पुन्हा जाणार आहे. ३ किलोवॉट म्हणजे दिवसाला साधारण १२ युनिट. ते कोणाच्या बिलातून कमी होणार आणि भाड्यात त्याचं काय करायचं, हा हिशेब या वेळी कागदावर मांडून नेणार!