पांढरा वाघ आणि सह्याद्रीची गरज

पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. आईबाप दोघांकडून एकच अप्रभावी जनुक आले, तरच असा बछडा जन्मतो. रीव्याच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या पांढऱ्या वाघाची जोडी पुढे त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली गेली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. तिरळेपणा या जनुकाबरोबरच येतो. नात्यातल्या पैदाशीने इतर व्याधींची भर घातली. याला संवर्धन म्हणवत नाही.

संवर्धनाची खरी निकड साताऱ्याच्या कोयनेत आणि सांगलीकडच्या चांदोलीत आहे. ही जंगले मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. जंगल ऐसपैस, वाघ मात्र मोजके. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली.