मॉलला नाव उरलं, रेचे भंगारात गेले

नरखेड, मोवाड, काटोल म्हटलं की आज संत्राच आठवतो. पण या पट्ट्यात कपाशीही आहे, आणि तिच्या मागे एक साधा हिशेब आहे. एक क्विंटल कापूस रेच्यातून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रातून, काढला की रुई निघते ३३ ते ३५ किलो. बाकी बहुतेक सरकी. ती सरकी दूरच्या गिरणीपर्यंत वाहून कोण नेणार? म्हणून रेच्यांचे कारखाने, म्हणजे जीन, कापसाच्या मुलखात आले. मोकळी रुई वॅगनमध्ये जागा खाते, म्हणून गाठी बांधणारे प्रेस आले, तेही शक्यतो रेल्वेजवळ. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत जुन्या जीनचं ऐसपैस आवार आणि गंजलेले पत्रे दिसतात, ते या हिशेबामुळे.

जमशेटजी टाटांनी हाच हिशेब पुढे नेला. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना त्यांनी नागपूर निवडलं. रेल्वे तिथे १८६७ मध्येच पोचली होती. १८७४ मध्ये कंपनी उभी राहिली, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव पडला. नागपूरच्या एका सावकाराने तेव्हा पैसे द्यायला नकार दिला, ‘सोनं मातीत घालायचं का’ म्हणून; पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती घालून सोनं काढलं, अशी कथा टाटांच्या चरित्रात येते. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता आले रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून. भारतात रिंग चात्या पहिल्यांदा फिरल्या त्या इथे. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघात भरपाई. कायदे यायच्या कितीतरी आधी.

१९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. त्या जागेवर मॉल आणि निवासी इमारती आल्या. संकुलाचं नाव मात्र ‘एम्प्रेस सिटी’. मला हे नाव ठेवणं फारसं कौतुकाचं वाटत नाही. नाव ठेवायला खर्च येत नाही.

ठेवायला हवा होता तो मागावर आडवा धागा नेणारा धोटा. नवी कांडी घातली की धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो उष्टा होतो, या सबबीवर मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना माग खात्यात घेत नसत, डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांतही त्यांची चळवळ खोल रुजली. हातभर लांबीचं ते लाकूड समोर असलं, तर गिरणीतली जातव्यवस्था पोरांना पाच मिनिटांत समजते.

अमेरिकेत लोवेल गावच्या गिरण्यांना १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथल्या बूट गिरणीत माग आजही चालवून दाखवतात आणि पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. जर्मनीतली झोलफेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये थांबली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तिथे यंत्रं जागेवर राहिली, हे महत्त्वाचं.

तालुक्यातल्या जीनकडे मात्र वारसा म्हणून कुणी पाहत नाही. नागपूरच्या वारसा यादीची हद्द शहरापुरती. १९७२ पासून कापूस एकाधिकार योजनेत जीनवाले सरकारी कापसाची सरकी ठरावीक दराने काढून देत राहिले. नवं यंत्र घ्यायची घाई कुणालाच नव्हती, म्हणून जुने रेचे टिकले. २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, आधुनिकीकरणाला अनुदान मिळालं. ते गरजेचंच होतं, रुईतला कचरा त्याशिवाय कमी झाला नसता. पण जुन्या यंत्राची नोंद ठेवा, अशी अट अनुदानाला जोडली असती तर काय बिघडलं असतं? जुन्या रेच्यांचं बीड भंगारात किलोवर गेलं आणि आवारावर ले-आउट पडले.

रेचा तसा सोपा. चामड्याचा रूळ रुई धरून ओढतो, पातं सरकी अडवतं, सरकी खाली पडते. शेडमध्ये तंतूंचा धुरळा, आणि त्यात कापूस टाकणाऱ्या, सरकी भरणाऱ्या रेजा. त्यांच्या हजेरीपटाला इमारतीइतकंच मोल आहे, कारण मालकाचं नाव फाटकावर असतं, त्यांचं फक्त तिथेच. नरखेडसारख्या गावाला संग्रहालय परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. नगरपरिषदेच्या एखाद्या शेडमध्ये चालू स्थितीतला एक रेचा बसवायचा आणि कापसाच्या हंगामात शाळेतल्या पोरांसमोर चालवायचा. दुरुस्तीला माणूस दुरून आणायला नको: जिनिंगची यंत्रं आजही नागपुरात बनतात, आणि ती चालवायचं शिकवणारं केंद्र वाडीला, अमरावती रोडवर आहे.