वड, नांद्रुक व पायर : ओळख आणि वामनवृक्षाचें वळण

विहिरीच्या बांधकामांत, वाड्याच्या भिंतींत किंवा देवळाच्या शिखरावर उगवणारीं वड-पिंपळाचीं रोपें आमच्या शेतकरी बांधवांस नवीन नाहींत. पक्ष्यांच्या विष्ठेंतून बीं फटींत पडतें, तेथेंच रुजतें, आणि मुळें जाड होऊं लागलीं म्हणजे चिरे उखडतात. म्हणून हीं रोपें काढून टाकणें भाग असतें. परंतु कुंडींतील वामनवृक्षास याहून चांगलें रोप क्वचितच मिळेल. अपुऱ्या अन्नपाण्यावर वाढल्यामुळें त्याचें खोड ठेंगणें व मुळें पिळदार झालेलीं असतात. विकत आणलेल्या रोपास असें रूप येण्यास कित्येक वर्षें लागतात.

सन २०२१ मध्यें वाघोली पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आली. दगडखाणी व इमारती यांमुळें पिकाखालील जमीन आक्रसत आहे. ज्याच्यापाशीं विहीर आणि थोडे गुंठेच उरले आहेत, त्यास हा जोडधंदा विचार करण्याजोगा आहे. मात्र आधीं झाड ओळखावें, मग त्यास वळण द्यावें. जात चुकली तर पांच-सात वर्षांची मेहनत वायां जाते.

या कुळांतील झाडांची सामान्य खूण अशी कीं, पान तोडतांच पांढरा चीक येतो. कोवळ्या शेंड्यावर टोंकदार आवरण असतें, व तें गळाल्यावर डहाळीभोवतीं कंकणासारखा वण राहतो.

वडाचें पान रुंद, जाड व बोथट टोकाचें. फळें लाल, बिनदेठाचीं व जोडीनें येणारीं. नांद्रुकाचें पान लहान, दोन-तीन इंचांचें, गुळगुळीत व तकतकीत. पिंपळाच्या पानास शेंपटीसारखें लांब टोक असतें. पायरीचें पान पिंपळासारखेंच हृदयाकृति, पण टोक आंखूड व देठ बहुधा लालसर. हें झाड खडकावर व गडांच्या तटांवर आढळतें. उंबराचीं फळें खोडावर घोसांनीं लागतात. काळ्या उंबराचीं पानें खरखरीत व समोरासमोर असतात. वर सांगितलेल्या इतर झाडांचीं पानें एकाआड एक येतात.

नवशिक्यानें नांद्रुक घ्यावा. त्याचें पान मुळांतच लहान असून जुन्या लांकडावरही त्यास अंकुर फुटतात. वडाचें पान मोठें, म्हणून त्याचा वामनवृक्षही दोन फुटांहून कमी उंच ठेवूं नये. पण पारंब्या सोडल्या कीं त्याची शोभा दुसऱ्या कोणासही येत नाहीं. दगडास मुळांनीं कवटाळलेलें झाड करावयाचें असल्यास पायर उत्तम. पिंपळाचे देठ लांब असल्यामुळें त्याचा डेरा दाट भरत नाहीं. उंबराचें व अंजिराचें पान छाटणीनें थोडें लहान होतें, पण फळ लहान होत नाहीं. म्हणून पुरंदरच्या अंजिरानें बागेंतच राहावें हें बरें.

रोप पहिला चांगला पाऊस झाल्यावर काढावें. सोटमूळ धारदार करवतीनें कापावें व तंतुमुळें जपावीं. शेंडा छाटतांना डोळ्याच्या वर बोटभर लांकूड ठेवावें, कारण कापलेला भाग खालपर्यंत वाळत येतो. चीक पाण्यानें धुवून टाकावा. कुंडींत काळी माती भरूं नये. ती पाणी धरते व मुळें कुजवते. चाळलेला मुरूम व विटांचे बारीक तुकडे समभाग घेऊन त्यांत थोडें कुजलेलें शेणखत मिसळावें.

पहिलें वर्ष झाडास मोकळें वाढूं द्यावें. पुढें तांब्याच्या किंवा अल्युमिनियमच्या तारेनें फांद्या वळवाव्या. पावसाळ्यांत या झाडांचें लांकूड झपाट्यानें फुगतें व तार सालींत रुतते. म्हणून दर पंधरवड्यास ती पाहावी, आणि रुतूं लागतांच उलगडण्याऐवजीं कापून काढावी. फांदीस सहा-आठ पानें आलीं कीं दोन-तीन ठेवून छाटावी. जी फांदी जाड करावयाची, ती मात्र छाटूं नये. पानें लहान व्हावीं म्हणून थंडी संपल्यावर सर्व पानें खुडतात. तें सशक्त झाडावरच व वर्षांतून एकदांच करावें. दोन-तीन वर्षांनीं मुळें छाटून माती बदलावी. उथळ कुंडीस उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी लागतें. एक दिवसाची हयगयही झाडाचा प्राण घेते.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रस्त्याकडेचें, देवस्थानाचें वा वनांतील झाड उपटूं नये. शहराच्या हद्दींत वृक्षांस १९७५ च्या महाराष्ट्र अधिनियमाचें संरक्षण आहे. आपल्या विहिरींतील व भिंतींतील रोपें, आणि आपल्याच बांधावरील वडाच्या गुटी कलमा, एवढें भांडवल आरंभास पुरेसें आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं शेतकऱ्यांनीं आपली विहीर एकदां नीट पाहावी. काढावीं लागणारीं रोपें कोणत्या जातीचीं आहेत तें वरील खुणांवरून ठरवावें, व मगच करवत हातीं घ्यावी.