गेमसाठी नवा कॉम्प्युटर? आधी जुन्याची नाडी पाहू

आज आपण जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. घरात किंवा गटाच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप असतो. हिशेब लिहिणं, फॉर्म भरणं, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्यावरच चालतं. मग एक दिवस मुलगा म्हणतो, "आई, यावर गेम चालत नाही. नवा घेऊ." मुलगीही तेच म्हणते, फक्त जरा हळू आवाजात. पुढच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज येतो आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, "मुलाचं शिक्षण".

अशा वेळी एक तर आपण "गेम म्हणजे वाया जाणं" म्हणून विषय बंद करतो, नाही तर मुलाचं तोंड उतरलेलं बघवत नाही म्हणून कर्ज काढतो. आम्हाला आज तिसरी वाट सांगायची आहे. जुना कॉम्प्युटर कुठे अडतो ते आधी शोधायचं आणि तेवढाच भाग बदलायचा. दुखणं कळल्याशिवाय औषध आणायचं नाही, हे आपल्याला घरातही ठाऊक असतं आणि गोठ्यातही.

डब्यात कोण काय काम करतं

ज्या उभ्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, तो खरं म्हणजे कॅबिनेट. आत पाच मुख्य मंडळी असतात. आपल्या स्वयंपाकघराशी जुळवून बघा.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असेल तर बाई कितीही चपळ असो, एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी, सगळं सामान तिथे. ग्राफिक कार्ड म्हणजे रांगोळी काढणारी. गेममध्ये पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने काढावं लागतं, ते काम तिचं. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती वेगळी नसते, प्रोसेसरच्या आतच तिची थोडी सोय केलेली असते. म्हणजे स्वयंपाक करता करता रांगोळीही काढा, असा प्रकार. पाचवा एसएमपीएस, म्हणजे वीज वाटून देणारा डबा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो.

नाडी कशी पाहायची

यासाठी दुकानात जायला नको. गेम सुरू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स वर क्लिक केलं की सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू यांच्या पुढे टक्के दिसतात. गेम अडखळतो त्या क्षणी कोण शंभरला टेकलं आहे ते वहीत लिहा. दोन-तीन वेळा बघा.

डिस्क सतत शंभर टक्के असेल तर कोठीची अडचण. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर ओटा लहान. जीपीयू शंभर आणि बाकी सगळे निवांत असतील तर रांगोळीवाली दमली. सीपीयूच शंभर असेल तर प्रोसेसर थकला, आणि तो बदलणं सगळ्यांत अवघड. वहीतली ही एक ओळ हातात असली की दुकानदार "सगळंच बदलावं लागेल" म्हणाला तरी आपल्याला विचारता येतं, "दादा, डिस्क तर वीस टक्क्यांवर आहे, मग ती का बदलायची?"

आधी फुकटचे उपाय

आपल्याकडे धूळ भरपूर. पंख्यावर तिचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मुलाला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला, पण त्याचा श्वास कोंडलेला असतो. प्लग पूर्ण काढा, कॅबिनेट उघडा, हाताने कॅबिनेटच्या लोखंडाला आधी स्पर्श करा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल, आणि मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, त्याला गरगर फिरू देऊ नका. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवून परत बसवा. चालू होताना तीन-चारदा नखरे करणारी कितीतरी यंत्रं एवढ्यानेच ताळ्यावर येतात.

रोज तारीख-वेळ चुकत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो. त्याचा नंबर सीआर २०३२. पन्नासच्या आत काम होतं.

दुसरा फुकटचा उपाय गेमच्या सेटिंगमध्ये असतो. पडद्याचं मोठं चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं असतं, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. तेच १२८० गुणिले ७२० केलं तर ९,२१,६०० उरतात. रांगोळीचं काम निम्म्याहून कमी झालं. सावल्या आणि चकाकी 'लो' वर ठेवली की आणखी हलकं. चित्र थोडं पुसट दिसतं, पण गेम सुरळीत चालतो. पुष्कळ मुलांचं समाधान इथेच होतं.

पैसे घालायचे तर क्रम कोणता

पहिला नंबर एसएसडीचा. जुनी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी. ती सेकंदाला शंभर ते दीडशे एमबी माल देते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास देते, आणि तिच्यात फिरणारं काहीच नसतं. कॉम्प्युटर चटकन सुरू होतो, गेम लवकर उघडतो आणि गटाचं हिशेबाचं कामही भराभर होतं. मात्र एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा. एसएसडीने गेम लवकर उघडेल, चालताना चित्राचा वेग तिने फारसा वाढत नाही. जुनी डिस्क फेकू नका, फोटो आणि व्हिडिओ ठेवायला तशीच राहू द्या.

दुसरा नंबर रॅमचा. आजच्या गेमसाठी आठ जीबी ही कमीत कमी पातळी धरा. इथे तीन गोष्टी बघायच्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या वेगळ्या जाती आहेत. त्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा. दुसरं, एकाच आठच्या पट्टीपेक्षा चार-चारच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत घाला. दोन वाटांनी माल येतो, आणि वेगळं कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर तर हा फरक ठळक दिसतो. तिसरं, विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वरची रॅम कामालाच येत नाही. आधी ६४ बिटचं करून घ्या.

तिसरा नंबर ग्राफिक कार्डचा. सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. दुकानात "चार जीबीचं कार्ड" म्हणून सांगतात, पण जीबी म्हणजे ताकद नव्हे. जीटी ७३० चार जीबीत मिळतं आणि जीटीएक्स १०५० टीआय हेही चार जीबीचंच. पण पहिल्यात चित्र काढणारे भाग जास्तीत जास्त ३८४, दुसऱ्यात ७६८, आणि पहिल्याच्या चार जीबी नमुन्यातली मेमरीही संथ जातीची. जीटी १०३० हे तर एकाच नावाने दोन प्रकारांत येतं. जीडीडीआर ५ वालं बरं, डीडीआर ४ वालं बरंच हळू. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा.

सेकंडहँड कार्ड घेत असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो कार्डाचं खरं कूळ सांगतो. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकणारे आहेत.

विजेचा हिशेब आणि तारेची जाडी

तीन एचपीच्या तारेवर साडेसात एचपीची मोटर कुणी लावत नाही. कॉम्प्युटरलाही तोच नियम. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटी १०३० ला सुमारे ३० वॅट लागतात, १०५० टीआयच्या साध्या नमुन्याला ७५. म्हणून ही दोन्ही वेगळ्या तारेशिवाय चालतात आणि जुन्या यंत्राला झेपतात. त्याहून मोठ्या कार्डाला चांगला एसएमपीएस हवाच. "४५० वॅट" असं नुसतं छापलेला, हातात हलका लागणारा स्वस्त डबा घेऊ नका. ८० प्लसची खूण असलेला, माहितीतल्या कंपनीचा घ्या. घराला अर्थिंग नीट आहे का, तेही वायरमनकडून बघून घ्या. गावात वीज येते-जाते, तेव्हा यूपीएसही हवा.

ऑफिसातून निघालेले छोट्या आकाराचे कॉम्प्युटर बाजारात खूप येतात. त्यांत उंच कार्ड मावत नाही, लो प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्ड लागतं. काहींचा एसएमपीएसही कंपनीच्या खास मापाचा असतो, बाहेरचा बसत नाही. कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची उंची टेपने मोजा. मॉनिटर जुना, निळ्या पिनचा असेल तर १०५० टीआयला ती पिन नाही, कन्व्हर्टर लागेल. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच लावा. ती जुन्याच जागी राहिली तर नवं कार्ड नुसतं बसून राहतं आणि घरात भांडण होतं की पैसे बुडाले.

वीजबिलाचाही हिशेब मांडा. गेम चालताना सगळं मिळून २०० वॅट धरले आणि रोज तीन तास, तर महिन्याला १८ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढे दर वाढतो. आपलं बिल नव्वदवर असेल तर हे १८ युनिट आपल्याला वरच्या पायरीवर नेतात. मुलांना हे आकडे दाखवले की तासांचं बंधन आपल्याला वेगळं घालावं लागत नाही.

कुठे थांबायचं

प्रोसेसरच दमला असेल तर मदरबोर्ड बदला, मग रॅम बदला, अशी साखळी सुरू होते. आम्ही एक साधा नियम सुचवतो. दुरुस्तीचा एकूण खर्च चांगल्या वापरलेल्या पूर्ण संचाच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ लागला की हात आखडा. भाव सारखे बदलतात, म्हणून तीन दुकानांत विचारा, बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. एका वेळी एकच भाग घ्या आणि महिनाभर वापरून पुन्हा नाडी पाहा. असं केलं तर बऱ्याचदा दुसऱ्या भागाची गरजच पडत नाही.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. म्हणून गेमच्या कॉम्प्युटरवर गटाचं बँकेचं काम करू नका. लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर छान चालते, पण व्हॅलोरंटसारखे काही गेम तिच्यावर चालत नाहीत. मुलाला कोणता गेम हवा ते आधी विचारा, मग ठरवा. 'क्रॅक' केलेले फुकट गेम मात्र घरात नकोत. त्यांच्याबरोबर व्हायरस येतात. रीतसर मोफत मिळणारे गेम पुष्कळ आहेत.

आणि पैसे लावून खेळायचा गेम हा गेम नव्हे, जुगारच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. मोबाइल नंबर, ओटीपी आणि यूपीआय पिन मुलांच्या हाती देऊ नका.

बैठकीत काय करता येईल

असा अर्ज आला तर अर्जदार ताईंना नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. चार ओळी लिहून आणायला सांगा. कोणता गेम हवा, टास्क मॅनेजरमध्ये कोण शंभरला टेकतं, कोणता भाग घ्यायचा, तीन दुकानांचे भाव काय. या ओळी मुलाने किंवा मुलीनेच लिहाव्यात आणि आईला समजावून सांगाव्यात. चार ओळी लिहिता लिहिता मूल कॉम्प्युटर शिकतं आणि कर्जाचा आकडाही बऱ्याचदा खाली येतो. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा. मुलांच्या खेळासाठी थोडा खर्च करणं यात लपवण्यासारखं काही नाही.

कॅबिनेट उघडाल तेव्हा मुलीलाही शेजारी बसवा आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात द्या. खेळायची पाळीही दोघांची सारखी ठेवा. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरची नाडी पाहिलीत की काय दिसलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर नमस्कार.